ठिपकीच्या घराची जमीन

धुळ्यात आमचं काचेचं दुकान होतं आणि तिथे मी माशांच्या पेट्या बनवायचे, एवढं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोणकोणते मासे ठेवायचात हो?" मासे! अहो, मासे काय, पिशवीत पाणी भरून मुंबईहून कुणीही आणतं. पेटीच्या तळाला काय घातलंय, ते विचारा की कधीतरी. बघणारे मासे बघतात, मी तळ बघते. आजही कुणाच्या घरी गेले आणि दिवाणखान्यात पेटी दिसली की मी चहा हातात घेऊन आधी खाली वाकते. सूनबाई म्हणते, "आई, लोकांना वाटतं तुमचं काहीतरी पडलंय." वाटू दे.

माझं माहेर बोदवडचं. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सासरी देवांच्या तसबिरी मढवायचं आणि खिडक्यांच्या काचा बसवायचं दुकान होतं. आमचे हे काच कापायचे आणि मी काउंटरवर बसून गिऱ्हाईकांचं बोलणं समजून घ्यायची धडपड करायचे. आमच्याकडची बोली वेगळी, इकडची वेगळी. सगळ्याला 'बठ्ठा' म्हणतात हे कळायला मला बराच वेळ लागला. बसून बसून कंटाळले, तेव्हा एक दिवस यांच्या हातातली हिरकणी घेतली. हिरकणी म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी. ती दाबायची नसते. हात हलका ठेवून एकदाच ओढायची, करकर असा बारीक आवाज आला पाहिजे, मग खालून टिचकी मारली की काच सरळ दुभंगते. माझी पहिलीच काच सरळ आली. हे म्हणाले, "नशीब." दुसरी आली, तिसरी आली, मग त्यांनी हिरकणी माझ्याकडेच ठेवली.

माशांच्या पेट्यांचं खूळ ऐंशीनंतर आलं. आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात, मग वकिलांकडे, मग ज्याच्या घरी रंगीत टीव्ही त्याच्या घरी. सुरुवातीला लोखंडी अँगलची चौकट करून लांबीने, म्हणजे पुट्टीने, काचा बसवायचो आणि त्या हमखास गळायच्या. पुढे सिलिकॉनच्या नळ्या मिळायला लागल्या आणि मी चौकट काढूनच टाकली. नुसती काचेला काच. लोकांचा विश्वास बसेना. एक गृहस्थ पेटी उचलून घरी नेईपर्यंत "फुटेल, फुटेल" म्हणत रडकुंडीला आले होते. फुटली नाही. माझी एकही फुटली नाही, हे मी छाती ठोकून सांगते.

तळाचं शास्त्र असं. खडे फार बारीक घातले तर घट्ट बसतात आणि खाली घाण कुजते. फार मोठे घातले तर दाणे फटीत पडून सडतात. हरभऱ्याएवढा खडा, तोही नदीचा गोटा, फोडलेली खडी नव्हे, कारण तिच्या धारेने माशांची तोंडं सोलतात. पाण्याचा गढूळपणा जाईपर्यंत धुवायचा. मागे उंच, पुढे उतार, म्हणजे घाण पुढे येऊन दिसते आणि काढता येते. एका डॉक्टरांना दवाखान्याच्या भिंतीशी जुळणारे निळे रंगवलेले दगड हवे होते. मी म्हटलं, रंग सुटेल. ते म्हणाले, "बाई, दवाखाना माझा आहे." आठवड्यात मासे, पाणी आणि डॉक्टर तिन्ही निळे पडले. मग मुकाट्याने माझे खडे घेऊन गेले. भले माणूस होते, पुढे सगळ्या मित्रांना माझ्याकडे पाठवलं.

तर असा माझा तोरा होता आणि अशात एक दिवस इंदूबाई दुकानात आली.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ, हे तसबिरीला खिळे मारत होते. डोक्यावरून पदर घेतलेली, हडकुळी, पंचविशीतली बाई. कपाळ मोकळं. हातात गाडगं आणि त्यावर फडकं बांधलेलं. सोनगीरच्या पुढच्या एका खेड्यातून एसटीने आली होती. काउंटरवर गाडगं ठेवून म्हणाली, "अक्का, याले काचनं घर पाहिजे. पन देखा, हाई मराले नको."

यांनी उत्साहाने फडकं सोडलं, आत डोकावले आणि दुसऱ्या क्षणी स्टुलावर उभे होते. हातात हातोडी तशीच.

"पाल शे," इंदूबाई शांतपणे म्हणाली. "काय करस नही ती."

पाल खरी, पण भिंतीवरची नाही. वीतभर लांब, जाड शेपटीची, पिवळसर अंगावर तपकिरी ठिपके. आणि पापण्या! घरातली पाल कधी डोळे मिटत नाही, ही चक्क माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. शेताच्या बांधावर दगडांच्या ढिगात राहते. आपल्याकडे हिला विषारी समजतात. दिसली की चार जणं काठ्या घेऊन धावतात. चावली तर माणूस पाणी मागत नाही म्हणे.

मी म्हटलं, "अगं, लोक मासे पाळतात, पोपट पाळतात. तुला हीच सापडली?"

तेव्हा तिने सांगितलं, आणि ते ऐकताना हेसुद्धा स्टुलावरून हळूच खाली उतरले. तिच्या नवऱ्याला आदल्या वर्षी पावसाळ्यात बाजरीच्या शेतात साप चावला. तिचा दीर सुकलाल आणि सासू यांनी त्याला जीपमध्ये घातलं. धुळ्याचं सरकारी हॉस्पिटल सरळ हमरस्त्यावर, पण वाटेत एका फाट्यावर भगत राहायचा. विष उतरवण्यात त्याचं मोठं नाव. जीप तिथे थांबली. भगताने कडुनिंबाचा पाला फिरवला, मंत्र म्हटले, आणि संध्याकाळपर्यंत नवरा तिथेच ओसरीवर गेला.

"त्यानं नाव कशावर व्हतं, माहीत शे का अक्का?" ती म्हणाली. "या पालवर. आमना गावमा हाई पाल चावेल दहा लोक त्यानाकडे गयात, दहाना दहा वाचनात. पन तिले इखच नही, तं मराना कोन?"

हे तिला कुणी सांगितलं? कुणीही नाही. नवरा गेल्यावर महिनाभराने निंदणी करताना ही पाल तिला चावली. तिने ठरवलं, कुणाला सांगायचं नाही आणि कुठे जायचं नाही. मेले तर सुटले. बोट जरासं दुखलं आणि संपलं. त्या दिवशी तिला सगळं उमगलं. ज्या नावावर नवरा भगताकडे नेला, ते नावच पोकळ होतं. आता तिला ही पाल घरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायची होती. लोकांनी यावं, बघावं, हात लावावा. पुढचा साप चावेल तेव्हा जीप फाट्यावर थांबू नये, एवढंच तिला हवं होतं.

मी त्याच दिवशी पेटी करायला घेतली. वर बारीक जाळीचं झाकण. ती म्हणाली हिचं नाव ठिपकी. हे म्हणाले, "नावबिव ठेवू नका हो, जीव लागतो." आणि स्वतःच पेटी एसटीच्या टपावर बांधून आले.

आता खाली काय घालायचं? माशांच्या पेट्या दुकानात बघून तिने घरी जाऊन नाल्याची बारीक वाळू चाळून घातली. दिसायला झकास. पण थोड्याच दिवसांत बाई गाडगं घेऊन पुन्हा दारात. ठिपकीचं पोट टणक, खाणं बंद. नाकतोडा पकडायला झेप घेतली की प्रत्येक वेळी तोंडात वाळू जात होती. आणि त्यात नवीच भानगड. काचेच्या घरातली पाल बघायला गाव लोटलं, ही बातमी फाट्यावर पोचली आणि भगताने चारचौघांत सांगून टाकलं, "पंचमीना आत तिले आठे बशीसन मारी टाकसू." नागपंचमीच्या आत, इथे बसल्या जागी, मंत्राने.

म्हणजे बघा कशी गोची. ठिपकी वाळूने मेली काय आणि थंडीने मेली काय, नाव भगताचंच होणार. इंदूबाईचा सगळा डाव मातीत जाणार आणि जीप पुढेही फाट्यावरच थांबणार. मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, या बाबाच्या मंत्राने मरायला ही काय रस्त्यावर पडलीय? माझ्या पेटीत आहे.

आम्ही ठिपकीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हशींच्या रांगेत गाडगं घेऊन बसलो. डॉक्टर आधी हसले, पण गोष्ट ऐकल्यावर खुर्ची सोडून उठले. कोमट पाण्यात बसवा, पोट हलक्या बोटाने चोळा, तोंडात एरंडेलाचा थेंब सोडा. शिवाय अंड्याचं टरफल कुटून नाकतोड्यांना चोपडा, चुना कमी पडला की असली जनावरं मुद्दाम माती-वाळू चाटतात. दुसऱ्या दिवशी आमच्या न्हाणीघरात ठिपकीचं पोट साफ झालं. त्या वाळूच्या लेंडीचा आनंद मला मुलाच्या दहावीच्या निकालाइतका झाला. हे दाराबाहेरून ओरडून विचारत होते, "झाली का हो?"

मग वाळू बाद. मी म्हटलं, वर्तमानपत्र घाल. स्वच्छ काम, रोज बदललं की झालं. पण ठिपकी पहिल्याच दिवशी कागदाखाली शिरली ती बाहेर येईना. लोक बघायला येत आणि कागद बघून जात. "मरी गयी वाटतं," म्हणत जात. त्यात इंदूबाईच्या सासूने एक दिवस पाहिलं की कागदावर गणपतीचा फोटो आणि त्यावर ठिपकीची घाण. घरात केवढा तमाशा झाला असेल, विचारू नका. सासूला आधीच घरात पाल नको होती. मुलगा गेलेला, सून अशी हट्टी, शेजारीपाजारी काय काय बोलत. ती म्हातारी पेटीकडे पाठ करून बसायची.

कागद बाद. मग मी माझ्या पद्धतीने शहाबादी फरशीचा तुकडा मापात कापून दिला. खरबरीत बाजू वर, नखांना पकड मिळावी म्हणून. कारण हिच्या बोटांना भिंतीवरच्या पालीसारख्या गाद्या नसतात, नुसती नखं. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. हे मात्र छान जमलं. जमलं असं वाटलं. पौषातल्या थंडीत फरशी बर्फ झाली, ठिपकी एका कोपऱ्यात मरगळून पडली. आणि ओलावा कुठेच नाही, म्हणून कात टाकताना एका बोटावर कात अडकून राहिली, आवळली, आणि बोटाचं टोक गळून पडलं. शिवाय कुणा पोराने पेटी सरकवताना फरशी आपटली आणि तळाच्या काचेला बारीक चीर गेली. काचेला चीर! माझ्या पेटीला! मी तळमळले.

नवीन तळ बसवायला मी स्वतः गेले. सोनगीरच्या पुढे उतरले, हमरस्त्यावरून बैलगाडीने गावात. इंदूबाईचं घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, मातीच्या भिंती, मातीची जमीन. बाहेर झोंबणारा वारा आणि आत पाय ठेवला तर जमीन कोमट, ना ओली ना कोरडी. आम्ही दोघी एकाच वेळी खाली बघत होतो.

"हाईच करूत," इंदूबाई म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, चोपायची कशी? खाली काच आहे माझी."

घरची जमीन करताना माणसं धुमसाने माती ठोकतात, धाडधाड. काचेवर ते कसं चालणार? मग आम्ही दोघींनी डोकं चालवलं. पहिल्यांदा शेतातली काळी माती घेतली. वाळली आणि अशी भेगाळली की भेगांत नाकतोडे लपून बसले आणि ठिपकी वरून बघत राहिली. काळी माती कापसाला चांगली, जमिनीला नाही, हे इंदूबाईला माहीत होतं, पण तिला वाटलं एवढ्याशा पेटीत काय फरक पडतो. मग गावठाणातली पांढरी माती आणली. धाब्यावर घालतात ती, चिकण, भेग न पडणारी. चाळली, त्यात बारीक भुसा कालवला, तळाला गोणपाटाचा तुकडा, त्यावर बोटभर माती, ओल्या तळहाताने दाबायची, सावलीत वाळू द्यायची, मग दुसरा थर. मी हिरकणी धरणारी, माझा हात हलका. इंदूबाईचा हात जमिनी सारवून सारवून तयार झालेला. एका कोपऱ्यात फुटकं गाडगं पालथं घातलं आणि त्याखालची माती तेवढी ओलसर ठेवली, कात टाकायला.

ठिपकीला सोडलं. तिने माती हुंगली, शेपटी हलवली, गाडग्याच्या ओल्या अंधारात शिरली आणि तोंड तेवढं बाहेर काढून बसली. आजवर मी अनेकांना पेट्या दिल्या, पण राहणाऱ्याने घर पसंत केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वर थंडीसाठी दिवसा बल्ब लावला. फाल्गुनापर्यंत तिची शेपटी टरारून फुगली. या जातीची चरबी सगळी शेपटीत साठते, शेपटी जाड म्हणजे तब्येत ठणठणीत. मी दुकानात येईल त्याला शेपटीचं माप सांगायचे. लोक म्हणत, बाईला वेड लागलं.

आणि मग आली आखाजी.

खानदेशात राहणाऱ्याला सांगायला नको, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींचा सण. सासरहून मुली येतात, झोके बांधतात, घरं झाडून लिंपून सारवून लख्ख करतात. इंदूबाई त्या दिवशी रानात होती. सासूने ओसरी सारवली, चूल सारवली, माजघर सारवलं आणि शेणाचा हात घेऊन पेटीसमोर उभी राहिली. एवढे महिने पाठ करून बसणारी ती म्हातारी. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. तिने झाकण काढलं, ठिपकीला सुपात घेतलं, स्वतःच्या हाताने, आणि पेटीतली जमीन शेणाने छान जाड सारवून दिली. वर पाहुण्या मुली घाबरू नयेत म्हणून जाळीवर प्लास्टिकचा कागद अंथरला. वैशाखाचं ऊन, ओलं शेण, चहूबाजूंनी काच आणि वरून कोंडलेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने इंदूबाई आली. पाय अनवाणी, वहाण घालायचं भान नव्हतं. "अक्का, मन्ही ठिपकी मरी ऱ्हायनी."

गाडग्यात ठिपकी तोंड वासून पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, अंगावर शेणाचा वास. मागोमाग सासू आत आली. ती माझ्या दुकानात पहिल्यांदाच आली होती. काउंटरला धरून उभी राहिली आणि बोलायला लागली, "सण व्हता. बठ्ठं घर सारवं. हिनंच घर तेवढं कसं ठेवानं?"

खरं सांगते, माझ्या तोंडावर शिवी आली होती. ती गिळली. शेणाने सारवलं म्हणजे घर पवित्र झालं, आपलं झालं, हेच ती जन्मभर शिकली होती. जिला घराबाहेर काढा म्हणत होती, तिला तिने त्या दिवशी घरात घेतलं होतं, आणि त्यातच ती मरायला टेकली. म्हातारीला मी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. हे आत गेले आणि पंखा घेऊन आले. गाडग्यातून ठिपकीला उचलून ओल्या फडक्यावर ठेवणारा माणूस कोण, तर आमचे हे! आणि मला म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? पाणी आण."

चांगला आठवडा ठिपकी आमच्या मागच्या खोलीत होती. मोकळी हवा, ओलं फडकं, बोटाच्या टोकाने पाण्याचे थेंब. तिकडे गावात हाकाटी उठली की भगताने पाल मारली. भगताने नारळ फोडून घेतले म्हणे. ठिपकीने पहिला नाकतोडा गिळला त्या दिवशी आम्ही दुकान लवकर बंद करून तिला गावी घेऊन गेलो. नव्या मातीची जमीन इंदूबाईने तोवर करून ठेवली होती, शेणाशिवाय.

माणसं जमली. भगताचा एक शिष्य पुढे सरसावला. "हाई दुसरी शे. ती मरी गयी." लोक माना डोलवायला लागले. ठिपके सगळ्यांचे सारखेच, कोण ओळखणार? तेव्हा सासू उठली. ठिपकीचा पाय दोन बोटांत धरून वर केला आणि टोक गळालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. "हाईच ती. मीच तिले मारी टाकी व्हती सारवीसन. भगतनी नही. मी." आणि ठिपकी एवढी दाबली गेली की गर्रकन वळून म्हातारीच्या अंगठ्याला चावली.

अहाहा! काय तो आरडाओरडा. रक्ताचा ठिपका दिसला आणि बायका किंचाळायला लागल्या. सुकलाल गाडी जुंपायला धावला, फाट्याकडे न्यायला. म्हातारीने त्याला हाताला धरून खाली बसवलं. "काय व्हस नही मले," म्हणाली, आणि पदराचा काठ अंगठ्याला गुंडाळून चुलीपुढे बसली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भरीत-भाकरी वाढताना अंगठा उंच धरलेला. मी घास घेत होते आणि सगळं गाव दारात बसून म्हातारी कधी पडते याची वाट बघत होतं.

"सकाळमा मन्ही सासू पानी भराले गयी," पुढच्या वेळी इंदूबाईने सांगितलं, "तं बठ्ठा गाव तिनाकडे देखी ऱ्हायंता." हसू आवरत नव्हतं तिला. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पंचमी आली. त्या दिवशी इंदूबाईने ठिपकीची पेटी ओटीवर आणून ठेवली. पावसात भिजत शेजारच्या गावांतूनही माणसं आली. ठिपकी गाडग्याखालून बाहेर आली, जांभई दिली आणि परत आत गेली. भगत काही आला नाही. त्याला फाट्यावर एसटीच मिळाली नाही, असं त्याचा शिष्य सांगत होता.

आता सगळं झालं असं मला वाटलं होतं. माझं काम पेटीचं, ते मी केलं होतं. पण श्रावण संपता संपता एक दिवस दुपारी इंदूबाईच्या गावचा दूधवाला दुकानात आला. "अक्का, सुकलालले साप चावना. सिव्हिलमा शे." मी भाकरी करत होते. होत्या तेवढ्या डब्यात भरल्या, वर चटणी टाकली आणि रिक्षा पकडली.

वॉर्डाच्या बाहेर बाकावर दोघी बसल्या होत्या, सासू आणि सून. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. डॉक्टर नुकतेच बोलून गेले होते. वेळेत आणलं, इंजेक्शन लागू पडलंय, धोका टळला. इंदूबाई मला धरून रडायला लागली आणि रडता रडताच सांगायला लागली. नाग होता. जीप मिळाली. ती आणि सुकलाल मागे, सासू पुढे ड्रायव्हरजवळ. सुकलालच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. समोर फाटा दिसला. भगत ओसरीवरच उभा होता, त्याच ओसरीवर. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि विचारलं, थांबाडू का?

"मना तोंडमाईन सबद निंघेना, अक्का," इंदूबाई म्हणाली. "मन्ही सासूनी सांगं, थांबाडू नको. हाक."

मी सासूकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. एकच मुलगा उरलेला, तो आत झोपला होता, जिवंत. आता तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती हळूहळू इंदूबाईकडे वळली आणि तिने विचारलं. दोन वर्षांत तिने हे कुणाला विचारलं नव्हतं.

"मोठा बी वाचता, नही का व इंदू?"

इंदूबाईने डोळे पुसले. खोटं बोलता आलं असतं तिला, बोलली नाही.

"वाचता, माय."

म्हातारीने मान हलवली. मग तिचे खांदे हलायला लागले आणि इंदूबाईने तिला कुशीत घेतलं. मी डबा उघडला, भाकरीचे तुकडे केले, चटणी लावली आणि दोघींच्या हातात दिली. त्या खात होत्या तोवर मी आत जाऊन सुकलालला बघून आले. झोपेत त्याचा श्वास चांगला चालला होता.